ग्वादालाहारात आठ महिने: काय न्यायचं, काय तिथेच घ्यायचं?

नीलाक्षी_म

नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामासाठी जानेवारीपासून आठ महिने ग्वादालाहारा, मेक्सिको इथे जायचं ठरलंय. पहिले दोन महिने मी एकटी, मग नवरा आणि सात वर्षांची लेक येतील. अंडं चालतं, बाकी शाकाहारी. स्पॅनिशचं म्हणाल तर ॲपने 'मुलगा सफरचंद खातो' इथपर्यंत आणून सोडलंय. पहिले पंधरा दिवस हॉटेल, पुढे आपलं आपण.

मिक्सर न्यायचाच असं आईचं मत. सासूबाईंनी तूरडाळीची पाकिटं आत्ताच मोजायला घेतलीत. आणि बॅगा दोनच, तेवीस-तेवीस किलोच्या. बघण्यासारखी ठिकाणं नकोत, ती कुठेही वाचायला मिळतात. घर कसं चालतं ते सांगा.

तापातिओ_पाटील

इथे सहा वर्षं झाली. (ग्वादालाहाराच्या माणसाला 'तापातिओ' म्हणतात, म्हणून हे नाव. तापट म्हणून नाही.)

आधी कागद. आठ महिने आणि तेही कामासाठी म्हणजे तुमचा व्हिसा 'रेसिदेन्ते तेम्पोराल', म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचा असणार. पासपोर्टवरचा व्हिसा हा फक्त दारातून आत यायचा पास आहे. आल्यापासून ३० दिवसांच्या आत इमिग्रेशनच्या कार्यालयात तो देऊन कार्ड करून घ्यायचं. कंपनीचा माणूस 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणेल, त्याच्या मागे लागा. कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर जायचं तर वेगळी परवानगी काढावी लागते. कार्डासोबत 'कुर्प' नावाचा नंबर मिळतो, तो आपल्या आधारसारखा सगळीकडे विचारतात. पाठ करून टाका.

नवऱ्याकडे आणि लेकीकडे चालू अमेरिकन व्हिसा असेल तर त्यांना पाहुणे म्हणून मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण '१८० दिवस मिळतात' यावर विसंबू नका. १८० ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात किती द्यायचे ते खिडकीतला अधिकारी ठरवतो. माझ्या मेहुण्याने शिक्क्यावरचा आकडा घरी येऊन वाचला, तो निघाला ३०. परतीचं तिकीट अडीच महिन्यांनंतरचं. तेव्हा खिडकीसमोरून हलायच्या आधी आकडा बघायचा. कमी वाटला तर तिथेच परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवून नम्रपणे विचारायचं.

घराचं उद्या लिहितो, आत्ता इथे रात्रीचे साडेअकरा झालेत.

गूळपोळी

नीलाक्षी, मिक्सर नेऊ नकोस गं! तिथे वीज १२७ व्होल्टची. आपला २३० चा मिक्सर लावला तर ताकद साधारण एक तृतीयांश उरते. नुसता गुरगुरतो, खोबरं जसंच्या तसं. सोबत ट्रान्सफॉर्मर नेतात काही जण, पण तो वजनाला वरवंट्यासारखा आणि तुझ्या बॅगा दोनच. तिथे 'लिकुआदोरा' घे, काचेच्या भांड्याचा. ओली चटणी, वाटण, ताक सगळं फिरतं त्यात. कोरडे मसाले मात्र इथूनच दळून ने.

कुकर ने. तिथेही 'ओया एक्स्प्रेस' मिळतो, पण आपल्या शिट्टीची सवय सुटत नाही. शहर सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही थोडं वर. डाळीला एखादी शिट्टी जास्त लागेल, कुकर बिघडला असं समजू नकोस.

आता डाळी. तूर साध्या दुकानात नाही. पण 'लेन्तेखा' म्हणजे अख्खा मसूर, 'गार्बान्सो' म्हणजे काबुली चणे, 'फ्रिखोल नेग्रो' म्हणजे काळा घेवडा, हे ढिगाने मिळतं. 'आरिना दे गार्बान्सो' म्हणून पीठ मिळतं ते काबुली चण्याचं. पिठलं उत्तम होतं. लाडू केलेस तर मनातल्या मनात रडशील.

जिरं, दालचिनी, लवंग, तीळ, शेंगदाणे, चिंच, कोथिंबीर, आलं यातलं काहीही नेऊ नकोस. गूळसुद्धा नाही. 'पिलोन्सियो' म्हणजे उसाचा गूळच, शंकूच्या आकाराचा. हिरव्या मिरचीला 'सेर्रानो' घे. हालापेन्यो दिसायला दांडगी, तिखटाला भोपळी मिरचीची मावशी. हिंग, गोडा मसाला, कढीपत्ता वाळवून आणि मोहरी थोडी, एवढंच बॅगेत. मोहरी भाजून ने.

नीलाक्षी_म

भाजून का?

गूळपोळी

विमानतळावर शेतमालाची तपासणी कडक असते. कच्चं बी, धान्य, मांस, ताजी फळं यावर डोळा. कुत्रा बॅग हुंगत फिरतो. भाजलेलं, दळलेलं, कंपनीच्या बंद पाकिटातलं नेलेलं बरं, आणि अर्जावर खाण्याचं सामान आहे असं खरं लिहायचं. घरून डब्यात बांधून दिलेल्या तूरडाळीची गॅरंटी मी देणार नाही. सासूबाईंना माझं नाव सांग.

भटक्या_७१

मुलगी-जावई तिथे असतात, आम्ही उभयता तीन हिवाळे काढून आलोय. गूळपोळीताईंनी एक राहिलं ते सांगतो. आमच्या सौ. एकादशीला घाबरत होत्या, तर एकादशी तिथे आपल्यापेक्षा सोपी निघाली! रताळं म्हणजे 'कामोते', साबुदाणा म्हणजे 'तापिओका', शेंगदाणे आहेतच. आणि राजगिरा तर तिथलाच, हजारो वर्षांपासून मेक्सिकोत पिकतो. कोपऱ्यावरच्या गाडीवर राजगिऱ्याची वडी मिळते, नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. सौ. ती हातात घेऊन पाच मिनिटं नुसती बघत होती. चिकूही तिथलाच, पेरू मुबलक. थोडक्यात उपास चालतो, अडतं ते रोजचं वरणभातच.

दुसरं, घड्याळ. भारत साडेअकरा तास पुढे. आई सकाळी साडेआठला चहा घेते तेव्हा तुमच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. ही फोनची वेळ बारा महिने तीच राहते, कारण मेक्सिकोने उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचं २०२२ मध्ये बंद केलं. अमेरिका मात्र अजून करते. जावयाची डॅलसबरोबरची मीटिंग मार्चमध्ये एक तास अलीकडे सरकते आणि दर वर्षी कुणीतरी चुकतंच.

तापातिओ_पाटील

हं, घर.

पहिली अडचण 'आवाल'. घरमालकाला असा जामीन हवा असतो की ज्याचं याच शहरात स्वतःच्या नावावर घर आहे. नव्या माणसाने तो कुठून आणायचा? पर्याय म्हणजे 'पोलिसा हुरीदिका', पैसे भरून घ्यायची कायदेशीर हमी. किंवा सरळ सुसज्ज जागा, जिथे जास्त भाडं घेतात पण आवाल मागत नाहीत. आठ महिन्यांसाठी मी सुसज्जच सांगेन. 'सिन आमुएब्लार' (बिनसामानाचं) लिहिलेल्या घरात फ्रीज-शेगडी तर नसतेच, माझ्या पहिल्या घरात दिव्याच्या होल्डरमधून वायरी लोंबत होत्या.

ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक नळ यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. मी नाही काढला. निघताना मालकाने आधीपासूनचा तडा माझ्या नावावर टाकून डिपॉझिट ठेवून घेतलं. तड्याचा फोटो माझ्याकडे होता, पण तो सहाव्या महिन्यातला. त्याचा काय उपयोग!

घर बघताना हे विचारा: जमिनीखालची टाकी ('आल्खिबे') आहे का, का नुसती गच्चीवरची ('तिनाको')? पाणी एखाद दिवस गेलं की फरक कळतो. गॅस टाकीचा की सिलिंडरचा? पावसात रस्ता तुंबतो का? हे शेवटचं मालकाला नाही, शेजारच्या किराणावाल्याला विचारायचं.

भागांचं म्हणाल तर चापालिता शांत, झाडी आहे, रविवारी चौकात बाजार भरतो. लेकीसाठी बरं. प्रोविदेन्सिया सोयीचं पण महाग. कोलोनिया आमेरिकाना तरुण मंडळींचं, शुक्रवारी रात्री झोप विसरा. दक्षिणेकडे त्लाखोमुल्कोत 'कोतो' म्हणजे गेट असलेल्या वसाहती स्वस्त आहेत, पण लोपेस मातेओस रस्त्यावर आयुष्य जाईल. ऑफिस कुठे आहे ते आधी बघा, मग घर.

मंदार_केरेतारो

एवढं ट्रॅफिक सोसण्यापेक्षा केरेतारोला या ना, शहर लहान, हवा छान, मराठी मंडळीही आहेत!

तापातिओ_पाटील

मंदार, त्यांना कंपनी पाठवतेय, त्या सहलीला निघालेल्या नाहीत. :)

प्रश्नचिन्ह

मला एक कळत नाही. ग्वादालाहारा ज्या हालिस्को राज्यात आहे त्याच्या बातम्या आपण वाचतो. टोळ्या, गोळीबार. सात वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे जाणं शहाणपणाचं आहे का? इथे सगळे गुळाच्या चवीवर बोलताहेत.

तापातिओ_पाटील

प्रश्न रास्त आहे, हसून सोडण्यासारखा नाही. नीन्योस हेरोएस चौकातल्या स्मारकावर बेपत्ता माणसांचे फोटो लावलेत. त्यांच्या घरच्यांनी त्या चौकाचं नावच 'बेपत्तांचा चौक' केलंय. मी रोज तिथून जातो आणि रोज नवा चेहरा दिसतो. त्यामुळे 'काही होत नाही हो' असं मी म्हणणार नाही.

पण रोजचं जगणं कसं असतं? मुलं शाळेत जातात, बायका रात्री नऊला बागेत चालतात. आम्ही पाळतो ते एवढंच: शहराबाहेर गाडीने जायचं तर दिवसाउजेडी आणि टोलच्या रस्त्याने ('कुओता'). रात्री ॲपवरची टॅक्सी. जुन्या मध्यभागात अंधार पडल्यावर रेंगाळायचं नाही. फोन बसमध्ये बाहेर काढायचा नाही. एटीएम बँकेच्या आतलं वापरायचं, आणि ते 'रुपयांत बदलून देऊ का' विचारेल तेव्हा नाही म्हणायचं, दर वाईट असतो. टोळ्यांबद्दल टॅक्सीवाल्याशी किंवा पार्टीत गप्पा मारायच्या नाहीत. आपत्कालीन नंबर ९११.

आणि पहाटे पाचला धडाम धडाम झालं तर पलंगाखाली जाऊ नका. ते 'कोएते' असतात, चर्चच्या जत्रेचे गावठी बाण. मी पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये अर्धा तास बसून होतो.

भटक्या_७१

हा हा! सापोपानच्या देवीचे (शेजारच्या सापोपान गावच्या मेरीमातेचे) असतील. मूर्ती हातभरसुद्धा नाही, पण मे ते ऑक्टोबर गावभर चर्चा-चर्चांतून मुक्काम करत फिरते आणि १२ ऑक्टोबरला लाखो लोक चालत तिला स्वगृही पोचवतात. आम्ही एकदा मुद्दाम ऑक्टोबरात गेलो होतो. पिसांचे मुकुट घातलेले नाचणारे, पायांत वाळक्या बियांचे घुंगूर. मला आळंदीच्या रस्त्याची आठवण झाली. त्या दिवशी रस्ते बंद असतात हे लक्षात ठेवा.

गूळपोळी

बाजाराचं कुणीच लिहिलं नाही म्हणून परत आले. प्रत्येक भागात आठवड्यातून एकदा रस्त्यावर 'तिआंगीस' भरतो, आपला आठवडी बाजार. तुझा वार कुठला ते शेजारणीला विचार. भाजी तिथेच घ्यायची. चाकवतासारखी 'केलितेस', घोळ म्हणजे 'वेर्दोलागास' सुटी मिळते. सगळे विक्रेते 'ग्वेरिता, ग्वेरिता' करून हाका मारतात. ग्वेरा म्हणजे गोरी! माझा रंग बघता पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतोय म्हणून. गिऱ्हाइकाला लाडाने तसं म्हणतात. तिथला माणूस आधी आंबा कापून फोड हातावर ठेवतो, मग भाव सांगतो. घासाघीस फारशी करत नाहीत, पण तिसऱ्या आठवड्याला तो आपणहून दोन लिंबं जास्त टाकतो.

दुकानात 'ओकुपास बोल्सा?' विचारलं तर गोंधळू नकोस. पुस्तकातलं स्पॅनिश शिकलेल्याला वाटतं 'पिशवी व्यापली आहे का?' या भागात 'ओकुपार' म्हणजे लागणं, हवं असणं. आणि कुठेही शिरलीस, अगदी डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर बसायलासुद्धा, आधी सगळ्यांना 'बुएनास तार्देस'. न म्हणता काम सांगितलं की चेहरे बंद होतात.

बाहेर खाताना 'कार्ने नको' एवढ्याने भागत नाही. कार्ने म्हणजे त्यांच्या डोक्यात बीफ. मग कोंबडी, हॅम येतं ताटात. पूर्ण म्हणायचं: नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन (मांस, कोंबडी, मासे, हॅम काहीच खात नाही). वर दोन प्रश्न: 'येवा मान्तेका?' (डुकराची चरबी आहे का? घोटलेल्या फ्रिखोलमध्ये हमखास असते) आणि भात 'काल्दो दे पोयो'त, म्हणजे कोंबडीच्या रश्शात, शिजवलाय का. दुपारच्या ठरलेल्या थाळीतला नारिंगी भात दिसतो साधा, पण बहुतेकदा त्यातच शिजलेला असतो. इस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी, बिनमांसाचं जास्त मिळतं. पण तेव्हा मासे-कोळंबी येतात, सावध.

घरात पिण्याला नळाचं पाणी नाही. वीस लिटरचा 'गाराफोन' दारात येतो, पहिल्या वेळी भांड्याचे पैसे, नंतर नुसतं भरायचे. भाज्यांना निर्जंतुक करायचे थेंब सुपरमार्केटात भाजीच्या बाजूलाच असतात.

चिमणराव_नाही

वीजबिल दोन महिन्यांनी येतं आणि वापर एका मर्यादेपलीकडे गेला की दर एकदम चढतो. गीझर गॅसवरचा असतो. ओक्सो नावाचं दुकान चौकाचौकात आहे, तिथे बिल, रिचार्ज सगळं. सुटे पैसे ठेवा: पेट्रोल भरणारा, सुपरमार्केटात पिशव्या भरणारे आजोबा यांची कमाई टिपवरच असते. हॉटेलात १० ते १५ टक्के.

तापातिओ_पाटील

दोन गोष्टी राहिल्या. पाऊस जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सकाळ लख्ख, संध्याकाळी तासाभरात आभाळ फाटतं, भुयारी रस्ते भरतात. पाणी दिसलं की गाडी घालायची नाही, थांबायचं. ३० जून २०१९ ला तर गारांचा एवढा थर साचला होता की गाड्या बर्फात रुतल्या, तेही जूनअखेर.

दुसरं: विंचू, 'आलाक्रान'. हालिस्कोत आहेत, गरमीत जास्त निघतात. लेकीला बूट झटकून घालायची सवय आत्तापासून लावा, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब. चावला तर घरगुती उपाय नाहीत, थेट 'क्रूस वेर्दे' (पालिकेचा तातडीचा दवाखाना) किंवा जवळचं इमर्जन्सी. विषावर उताऱ्याचं इंजेक्शन असतं. लहान मुलांना वेळ दवडून चालत नाही.

प्रश्नचिन्ह

विंचवाचं आधी सांगायचं होतं, गूळ नंतर.

नीलाक्षी_म

मंडळी, एप्रिल उजाडला, हिशेब द्यायला आले.

चापालितात घर मिळालं, सुसज्ज. व्हिडिओ काढला, बत्तीस मिनिटांचा. मालकीणबाईंनी पूर्ण बघितला आणि उलट मलाच एक गळका नळ दाखवला. मिक्सर पुण्यातच राहिला. तूरडाळीची तीन पाकिटं सासूबाईंनी साडीत गुंडाळून घातलीच होती. मी अर्जावर लिहिलं, अधिकाऱ्याने पाकिटं उलटीपालटी करून 'लेन्तेखा आमारिया?' (पिवळा मसूर?) विचारलं आणि दोन परत दिली. तिसऱ्याला भोक होतं.

मोल्काखेतेबद्दल कुणी बोलला नाहीत! काळ्या दगडाचा तीन पायांचा खल. तोनालाच्या रविवारच्या बाजारातून आणला. विकणाऱ्या आजींनी बजावलं की तसाच वापरायचा नाही. मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ घालून वाटायचं, राखाडी पीठ फेकायचं, परत वाटायचं, पांढरं निघेपर्यंत. मला पाच वेळा करावं लागलं, खांदा भरून आला. सिमेंटचे नकली खलही असतात, त्यांची राखाडी कधीच संपत नाही असं त्या म्हणाल्या. आता शेंगदाण्याची चटणी त्यातच. आईला व्हिडिओवर दाखवला तर म्हणाली, पाट्याला टाकी लावून आणायचो तेव्हा आम्हीही पहिलं वाटण फेकायचो.

लेक रविवारी सकाळी सायकल घेऊन मोकळ्या रस्त्यांवर असते, आठ ते दोन गाड्या बंद. (ही 'व्हीया रेक्रेआक्तिव्हा' तुम्ही कुणी सांगितली नाहीत, हा राग आहेच.) ती आता 'मान्दे?' म्हणते, मी हाक मारली की. मला 'काय गं' परत हवंय.

विंचू एक. बुटात नाही, पोछ्याच्या फडक्यात. नवऱ्याने मारला. मी चपला झटकते.

आता प्रश्न. इथली गच्ची मोठी आहे आणि ऊन असं कडक की पुण्यात आई म्हणाली असती, वाळवणं घाल. साबुदाण्याच्या पापड्या घातल्या तर पाऊस यायच्या आत कधीपर्यंत उरकायच्या?

तापातिओ_पाटील

जून लागायच्या आत संपवा. मे महिना सोन्यासारखा आहे.

गूळपोळी

आणि वरून जाळी घाल गं. कावळे नसले तरी 'सानाते' आहेत, लांब शेपटीचे काळे. गच्चीच्या कठड्यावर बसून बघत असतात. माझ्या पहिल्या तीस पापड्या त्यांनीच खाल्ल्या.